बाळ हाकेला का वळत नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावच्या एखाद्या शिकलेल्या बाईंना बोलवावे अशी आपली रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी ती मोडून मला उभे केले. माझे शिक्षण सातवी. लोणच्याच्या प्रमाणावर बोलायचे असते तर माझ्या पोटात असा गोळा आला नसता. परंतु आजचा विषय मी पुस्तकांतून शिकले नाही. गेली चार वर्षे मी माझ्या धाकट्या जावेबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसत आले. तेथे जे ऐकले ते घरी येऊन वहीत उतरवून ठेवले. न कळलेले पुढच्या खेपेस पुन्हा विचारले. ती वही मी बरोबर आणली आहे.

माझी जाऊ समोर तिसऱ्या ओळीत बसली आहे. तिची संमती घेतल्यावाचून मी हे बोलणार नव्हते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "सगळं सांगा जाऊबाई. तुम्ही मला काय बोलला होता, तेसुद्धा सांगा." म्हणून तेही सांगते.

आमचा पुतण्या जन्मला तेव्हा चांगला गोरागोमटा, वजनाला भरलेला. वेळेवर बसला, वेळेवर चालला. दीड वर्षाचा झाला तरी हाकेला मात्र वळेना. ताट आपटले की दचकायचा, म्हणजे ऐकू तर येत होते. पण नावाने दहा हाका मारल्या तरी मान वळायची नाही. इतर मुले चंद्र दिसला की बोट करून आईला दाखवतात. याने कधी कशाकडे बोट केले नाही. पाणी हवे झाले की आईचे मनगट धरून माठापाशी ओढत न्यायचा, आणि तिच्या तोंडाकडे न बघता तिचा हात माठावर ठेवायचा. डब्यांची झाकणे ओळीने मांडायचा. एक झाकण कोणी हलवले तर जमिनीवर डोके आपटून घ्यायचा. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून ओरडायचा. टाचा उचलून, चवड्यांवर चालायचा.

घरात जो तो आपले मत देई. आमच्या आत्याबाई म्हणायच्या, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तीन वर्षांनी बोलला. शेजारीण म्हणाली, नजर लागली. मीठमोहऱ्या उतरल्या, मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या चढून नवस बोललो. देवीला जाण्यात काही वाईट नाही, आजही जातो. पण दवाखाना सुचला नाही, हे आमचे चुकले. आणि मी काय केले? पोटुशी असताना जाऊ ग्रहणात विळीवर भाजी चिरायला बसली होती, हे मला आठवले, आणि एके दिवशी भरल्या घरात मी ते बोलून दाखविले. "तेव्हाच सांगितलं होतं, ऐकलं नाहीस, आता भोग." तिने ते कोणालाही न सांगता मनात ठेवले, आणि पुढे दोन वर्षे मूल कोणापुढे आणायचेच बंद केले. डॉक्टरांनी पुढे मला सांगितले की ही दोन वर्षे फार मोलाची असतात. ती माझ्या एका वाक्याने गेली. याबद्दल मी घरात तिची क्षमा मागितली आहे. पण बोलले होते चारचौघांत, म्हणून आज चारचौघांतही मागते.

आमचे डोळे उघडले ते अंगणवाडीच्या ताईंमुळे. त्यांनी नाव घालायला आलेल्या मुलाला तासभर पाहिले आणि म्हणाल्या, आमच्याकडे तपासणीची गाडी येते, त्या दिवशी याला घेऊनच या. ही गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक. हा कार्यक्रम 2013 सालच्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा करावी असा त्याचा नेम आहे. आपल्याला वाटते, ते दात आणि डोळे पाहून जातात. तसे नाही. वाढीला उशीर होणारी मुले ओळखणे हेही त्यांचे काम आहे, आणि अशा मुलाला ते चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या केंद्रावर पाठवितात. आम्हाला अशीच चिठ्ठी मिळाली. मग जालना झाले, छत्रपती संभाजीनगरची घाटी झाली. प्रथम कान तपासले. हे लक्षात ठेवा, मूल बोलत नसेल तर पहिली तपासणी कानांची. कान चांगले निघाले. मग दोन-तीन खेपा करून डॉक्टरांनी सांगितले की याला ऑटिझम आहे.

मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द गोड आहे, पण मला तो पुरता पटलेला नाही. आमचे बाळ आपल्यातच मग्न होऊन बसले होते असे म्हणण्यापेक्षा, त्याला उमगेल अशा रीतीने आम्ही त्याच्याशी बोलत नव्हतो असे म्हणणे मला खरे वाटते.

मी डॉक्टरांना विचारले, म्हणजे याच्या डोक्यात बिघाड झाला का? त्यांनी खूप समजावले. मला समजले ते मी आपल्या शेतकी भाषेत सांगते. आपण मळ्यात दारे धरतो. विहीर तीच, पाणी तेच. पण दांड ज्या बाजूने काढले असतील त्या बाजूने पाणी जाते. एखादा वाफा तुडुंब भरतो, एखाद्याला ओल लागत नाही. मेंदूचे तसेच आहे. पोटात असल्यापासून बाळाच्या मेंदूत असे कोट्यवधी दांड पडत असतात, आणि जन्मानंतरची पहिली काही वर्षे ते काम सर्वांत जोराने चालते. काही मुलांत ते निराळ्या रीतीने पडतात. अशा सगळ्या प्रकारांना मिळून मेंदूच्या वाढीतील विकार म्हणतात. हा वेडेपणा नव्हे, मागून जडलेले दुखणे नव्हे, आणि स्पर्शाने लागणारा रोग तर नव्हेच.

यांतले प्रकार अनेक आहेत. ज्यांना आपण पूर्वी मतिमंद म्हणत असू त्यांची समज सगळ्याच बाबतींत उशिरा येते; आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. काही मुले घटकाभर एका जागी ठरत नाहीत, हातातले काम सोडून दुसरे धरतात, रस्त्यावर वाहन न पाहता धावतात. ही अतिचंचलता. सगळीच मुले खोडकर असतात. पण घरात, शाळेत, पाहुण्यांकडे, सगळीकडेच आणि महिनोन्‌महिने असे चालले, व त्यामुळे शिकणे अडले, तर डॉक्टरांना दाखवावे. एकाच मुलात दोन प्रकारही असू शकतात.

आणखी एका प्रकाराविषयी थोडे सविस्तर सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही, कारण तो माझ्या माहेरच्या अंगणात वाढला. माझा पाठचा भाऊ. तोंडी हिशेबात बाजारातल्या अडत्यालाही ऐकायचा नाही, विहिरीवरची मोटार खोलून पुन्हा जोडायचा. पण पाटीवर 'ब' काढ म्हटले की 'व' निघे. 'कमळ' वाचताना अक्षरांची अदलाबदल होई. गुरुजींच्या छड्या झाल्या, वडिलांचा पट्टा झाला, 'ढ' हे नाव कायमचे पडले. पाचवीतून शाळा सुटली. आज तो मोटारी भरण्याचे दुकान चालवितो, चार माणसे हाताखाली आहेत, आणि अजून बायकोकडून पाटी वाचून घेतो. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी चांगली, पण लिहिणे-वाचणे किंवा आकडेमोड तेवढी अडते. मुलगा आळशी नसतो. 2007 साली 'तारे जमीन पर' हा बोलपट आला तेव्हा मी तो याच भावाच्या घरी पाहिला. तो मध्येच उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. आता तिसरीच्या सुमारास, म्हणजे आठव्या वर्षापासून, याची रीतसर तपासणी होते. दाखला मिळाल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ व इतर सवलती मिळतात. माझ्या भावाच्या वेळी हे कोणाला ठाऊक असते तर!

आता दोषाची गोष्ट. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईने ग्रहणाचे बोलावे यात नवल नाही. पण भगिनींनो, मोठमोठ्या विद्वानांनीही आईलाच धरले होते. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी 1943 साली अशा 11 मुलांची हकीकत लिहून या प्रकाराला ऑटिझम हे नाव दिले. त्यानंतर तिकडे असे मत पसरले की आई मायेने कोरडी, बर्फासारखी थंड असली की मूल असे होते. 1967 साली ब्रूनो बेटलहाइम यांनी असेच सांगणारे पुस्तक लिहिले आणि ते खूप गाजले. म्हणजे आमच्या घरी ग्रहण, त्यांच्या घरी बर्फ. कपाळी आलेला बोल मात्र दोन्हीकडे आईच्याच! बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा मुलाचे वडील आणि मानसशास्त्र शिकलेले. त्यांनी 1964 सालीच पुस्तक लिहून हे मत खोडले होते. पुढे 1977 साली इंग्लंडमध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा यात जन्मजात गोष्टींचा मोठा वाटा आहे हे दिसून आले. आईच्या मायेशी त्याचा संबंध नाही.

लसीचेही तसेच. गोवराच्या लसीने ऑटिझम होतो असा लेख 1998 साली इंग्लंडमधील एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो 2010 साली त्या नियतकालिकाने मागे घेतला. तेव्हा त्या भीतीने लस चुकवू नका, गोवर परवडत नाही.

मग कारणे काय? पुष्कळदा नेमके एक कारण सापडतच नाही. काही रक्तातून आलेले असते. काही वेळा बाळ फार कमी दिवसांचे जन्मते, जन्मताच रडत नाही व मेंदूला प्राणवायू कमी पडतो, तान्हेपणी कावीळ फार चढते किंवा मेंदूज्वर होतो. यांतले काही आपल्या हातात आहे, तेवढे करावे: बाळंतपण दवाखान्यातच, मीठ आयोडीनचेच, आणि जन्मलेले बाळ फार पिवळे दिसले तर 'उन्हात धरा, उतरेल' म्हणत न बसता त्याच दिवशी डॉक्टर. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉईडची तपासणी करता येते. तो दोष लगेच सापडला व औषध सुरू झाले तर बुद्धीची हानी टळते. टाचेला सुई टोचली म्हणून नर्सबाईंवर ओरडू नये.

मोबाइलने ऑटिझम होतो का, असे मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारते. मोबाइलमुळे होतो असे नाही. तथापि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तो दाखवूच नये, कारण मूल माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकते.

कोणत्या वयात काय दिसले पाहिजे हे वहीतून वाचते. दोन-अडीच महिन्यांत बाळाने आपल्याकडे बघून हसावे. चार महिन्यांत मान धरावी. नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसावे. वर्षाच्या सुमारास नावाला वळावे, टाटा करावा. दीड वर्षापर्यंत हवे ते बोटाने दाखवावे आणि चार-दोन शब्द यावेत. दोन वर्षांत 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडावेत. थोडे मागेपुढे होते, लगेच घाबरू नका. पण बरेच मागे पडले तर वाटही पाहू नका. आणि आलेले शब्द जर नाहीसे होऊ लागले, तर वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात दाखवा.

आता घरी आम्ही काय केले ते सांगते, कारण खरे काम तेथेच आहे. वाणी सुधारणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी जावेला विचारले, "त्याला पाणी हवं हे तुम्हाला कळतं का?" ती म्हणाली, "बघताक्षणी कळतं." त्या म्हणाल्या, "मग तो मागेल कशाला?" आमच्या डोक्यात लख्ख पडले. तेव्हापासून पेला हातात धरायचा, त्याच्या डोळ्यांसमोर बसायचे, एकच शब्द म्हणायचा, 'पाणी', आणि मनात पाच आकडे मोजून थांबायचे. हे थांबणे फार कठीण असते हो! आपल्या बायकांच्या हाताला दम नाही. त्याने नुसते बघितले तरी पाणी द्यायचे, पुढे बोट केले की द्यायचे. दहा वाक्ये बोलायची नाहीत. आधी आम्ही म्हणायचो, 'अरे सोन्या, बघ बरं कसं थंडगार पाणी आणलंय आईने'. त्यातून त्या बिचाऱ्याने 'पाणी' कोठून वेचावे?

दिनदर्शिकेतली आणि औषधांच्या जाहिरातींतली चित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटविली. आंघोळ, जेवण, शाळा, झोप. ती ओळीने भिंतीवर लावली. पुढे काय होणार हे दिसू लागले तसे त्याचे डोके आपटणे कमी झाले. कुकर लावला की त्याला दाखवून 'आता शिट्टी' म्हणायचे. आता कुकर चुलीवर चढला की तो आपण होऊन अंगणात जाऊन उभा राहतो, आणि तीन शिट्ट्या झाल्या की परत येतो. बोटांना जोर यावा म्हणून भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवितो. पहिल्या दिवशी तीन फोडल्या. आता आत्याबाईंच्या आधी सूप भरतो, आणि एकही दाणा खात नाही, याचे त्यांना अजून आश्चर्य वाटते.

पाच वर्षांचा असताना एका सकाळी तो माठापाशी उभा राहून 'पा' म्हणाला. जावेने मला अशी हाक मारली की मी तव्यावरची भाकरी टाकून धावले. ती भाकरी जळून कोळसा झाली. त्या दिवशी कोणी काही बोलले नाही.

आज तो आठ वर्षांचा आहे. पंचवीस-तीस शब्द बोलतो, शाळेत जातो. तो 'बरा' झालेला नाही आणि तसे आम्ही आता म्हणतही नाही. एकाने तेल आणि पुड्या देऊन मुळापासून बरा करतो म्हटले, तेव्हा मोसंबीच्या बागेचे एका हंगामाचे पैसे त्यात गेले. तुम्ही जाऊ देऊ नका. फिट्स येत असतील तर त्यांना औषध आहे, फार चंचल मुलांनाही डॉक्टर कधी औषध देतात. परंतु ऑटिझम पुसून टाकणारी गोळी कोठेही नाही.

सरकारी कागदांचे थोडक्यात सांगते. 2016 सालच्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता या तिन्हींची नावे आहेत. दाखल्यावर 40 टक्के वा अधिक असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. शाळा 'नको' म्हणाली तर हा कायदा तोंडावर असू द्या. दाखला जिल्हा रुग्णालयातून मिळतो. अठराव्या वर्षानंतर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो, 1999 च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याप्रमाणे. 'आमच्यामागं याचं कसं?' हे जावेने मला पहिल्याच वर्षी विचारले होते. पुरते उत्तर माझ्याकडे अजून नाही, पण अर्ज कोठे करायचा एवढे तरी कळले.

मुंबईत 1944 साली वकील नावाच्या पारशी जोडप्याने आपल्या मुलीसाठी घरच्या घरी शिकवण्यास आरंभ केला. त्यातून जय वकील शाळा उभी राहिली. पुण्यात 1964 साली कामायनी सुरू झाली. अशी कामे एकेका घरातून निघाली. आपल्या अंबडला मी शाळा काढा म्हणत नाही, माझे मागणे लहान आहे.

मागच्या वर्षी एका लग्नात बँड जवळ आला तसे आमचे बाळ किंचाळून टेबलाखाली शिरले. मागून कोणी म्हणाले, "काही वळण लावलं नाही लेकराला." कोण ते मी सांगत नाही, ती भगिनी मनाने चांगली आहे, आणि मी तरी काय निराळी होते? पण जाऊ त्या दिवशी न जेवता घरी आली. अशा वेळी एकीने फक्त बँडवाल्याला दोन पावले लांब सरकायला सांगावे. हेच मूल दत्तजयंतीच्या संगीत उत्सवात मागे बसून दोन तास गाणे ऐकते, हलत नाही. तेव्हा कार्यक्रमाला आणू नका असे सांगण्याआधी, कोणत्या कार्यक्रमाला, हे आईला विचारावे.

दुसरे असे की, हळदीकुंकू, भजन, सहल यांना अशा मुलांच्या आया येत नाहीत, आणि आपण म्हणतो तिला हौस नाही. आज जाऊ येथे आली ती आपल्या दोन सभासद भगिनी घरी मुलाजवळ बसल्या आहेत म्हणून. मी त्यांना शेंगांचे सूप आणि भिंतीवरची चित्रे दाखवून आले आहे. महिन्यातून एकदा असे बसायला ज्या तयार असतील त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. आपल्या गल्लीत अशी आणखी किती घरे आहेत ते मला ठाऊक नाही. काही दारे दिवसाही लावलेली असतात, एवढे मी पाहिले आहे.

अंगणवाडीत तपासणीची गाडी येईल तेव्हा मी व जाऊ सकाळपासून तेथे थांबणार आहोत. ज्यांना काही विचारायचे असेल, किंवा एकटीने जालन्याला जाण्याचे भय वाटत असेल, त्यांनी तेथे यावे, एस.टी.त आम्ही बरोबर बसू. वहीही बरोबर असेल. वाण वाटायचे राहिले आहे, तेव्हा अध्यक्षीणबाईंची आज्ञा घेऊन मी येथेच थांबते.